वाचक विचारतात: क्लबचे दुकान उघडते तरी केव्हा?

लहान फुटबॉल क्लबांचे उत्पन्न कोठून येते, याविषयी गेल्या अंकात लिहिताना क्लबच्या दुकानाचा उल्लेख ओघात आला होता. त्यानंतर आलेल्या पत्रांत उत्पन्नाविषयी कोणीही विचारलेले नाही. जवळजवळ सर्वांची तक्रार एकच आहे: दुकान गाठावे तेव्हा ते बंद असते. म्हणून या वेळचे सदर दुकानाच्या वेळांसाठीच राखून ठेवले आहे.

प्रश्न: मी ज्या क्लबचा पाठीराखा आहे, तो खालच्या श्रेणीत खेळतो. मुलाच्या वाढदिवसासाठी जर्सी घ्यावी म्हणून मी एकदा मंगळवारी आणि पुन्हा गुरुवारी मैदानावर गेलो. दोन्ही वेळा शटर खाली होते. मोठ्या क्लबांची दुकाने रोज उघडी असतात, मग लहान क्लबांनाच ते का जमू नये?

उत्तर: आपल्याला दोन हेलपाटे पडले, हे वाईटच झाले. मात्र दुकान रोज उघडे नसण्यामागे आळस नसून साधा हिशेब आहे. 20 संघांच्या लीगमध्ये प्रत्येक संघ उरलेल्या 19 संघांशी दोनदा खेळतो, म्हणजे एकूण सामने 38 होतात आणि त्यांतले घरच्या मैदानावर जेमतेम 19. चषक स्पर्धेतले आणि हंगामापूर्वीचे मैत्रीपूर्ण सामने धरले, तरी मैदानावर माणसांची वर्दळ असलेले दिवस वर्षाकाठी 25 च्या आसपासच राहतात. उरलेल्या दिवशी तेथे गवत कापणारा माळी, कार्यालयातील एखादी व्यक्ती आणि संध्याकाळी सराव करणारी मुले यांच्याखेरीज सहसा कोणी फिरकत नाही.

मोठ्या क्लबांचे गणित निराळे असते, कारण त्यांच्या मैदानावर सामना नसतानाही माणसे येतात. बार्सिलोनाच्या मैदानावर 1984 पासून क्लबचे संग्रहालय आहे. ते पाहायला आलेला पर्यटक बाहेर पडताना दुकानात डोकावतोच, त्यामुळे तेथे पगारी माणूस दिवसभर उभा करणे परवडते. लहान क्लबच्या दुकानात बहुधा स्वयंसेवक असतात. ते आठवडाभर आपापली नोकरी करतात आणि सुट्टीच्या दिवशी येऊन गल्ल्यावर बसतात. त्यांच्याकडून रोज आठ तासांची अपेक्षा ठेवणे रास्त होणार नाही.

तरीही आपल्या तक्रारीत तथ्य आहे, आणि ते मला नाकारायचे नाही. दुकान कमी वेळ उघडे असते, याचा ग्राहकाला एवढा राग येत नाही. केव्हा उघडे असेल हे आधी कळत नाही, याचा येतो. सामन्यांखेरीज आठवड्यातील एकच संध्याकाळ, दोनच तास, पण हंगामभर न चुकता, अशी वेळ क्लबला पाळता येते. त्यासाठी लहान मुलांच्या संघांचा सराव असलेली संध्याकाळ सर्वांत सोयीची ठरते, कारण मुलांना सोडायला आलेले पालक तासभर तेथेच थांबलेले असतात आणि मैदानावरील दिवेही तसेच लागलेले असतात. आपल्या क्लबला पत्र लिहाल, तेव्हा 'दुकान रोज उघडा' असे न लिहिता 'अमुक एक संध्याकाळ ठरवा' असे लिहून पाहावे.

प्रश्न: आमच्या क्लबच्या दुकानाची देखभाल मी गेल्या हंगामापासून करते. दारावरच्या पाटीवर 'सामन्याच्या दिवशी दुपारी 1 ते 5.30' असे लिहिले आहे, तरी लोक येऊन वाद घालतात. पाटीवर नेमके काय लिहावे?

उत्तर: या पत्राचे मला विशेष अगत्य आहे. मीही एके काळी दोन हंगाम अशाच एका दुकानात बसलो आहे, आणि आपल्यासारखीच चुकीची पाटी मी स्वतःच्या हाताने रंगवली होती.

पाटीवर घड्याळातली वेळ लिहिली जाते आणि दुकान मात्र सामन्याच्या वेळेवर चालते, हे वादाचे मूळ आहे. सामना दुपारी 3 वाजता असेल, तोवर आपली पाटी खरी. तोच सामना आठवड्याच्या मधल्या दिवशी संध्याकाळी 7.45 ला ठेवला की, पाटीवर विसंबून दुपारी आलेल्या माणसाला कुलूप दिसते, आणि रात्री सामन्याला आलेल्या माणसाला पाटीनुसार बंद असलेले दुकान उघडे दिसते. त्यातही 1 ते 5.30 असे सलग लिहिल्यामुळे दुकान मध्ये मिटत नाही असा समज होतो, आणि प्रत्यक्षात खेळ चालू असताना आपण दार ओढून घेता.

म्हणून सर्व वेळा सामना सुरू होण्याच्या क्षणापासून मोजाव्यात. मी सुचवतो तो मजकूर असा:

'घरच्या मैदानावरील सामन्याच्या दिवशी दुकान सामना सुरू होण्याच्या 2 तास आधी उघडेल आणि 5 मिनिटे आधी बंद होईल. मध्यंतरात पुन्हा उघडेल. सामना संपल्यावर 30 मिनिटे उघडे राहील. संघ बाहेर खेळत असेल त्या दिवशी दुकान बंद राहील.'

त्याखाली खडूने लिहिता येईल अशी एक काळी फळी लावावी आणि तिच्यावर पुढच्या घरच्या सामन्याचा वार, तारीख, सुरू होण्याची वेळ आणि त्यावरून काढलेली दुकान उघडण्याची वेळ लिहावी. वजाबाकी ग्राहकावर सोपवू नये. रंगवलेला मजकूर वर्षभर टिकतो आणि खडूचा दर सामन्याला बदलतो. सामन्याची वेळ बदलल्याचे कळताच फळी पुसण्याचे काम मात्र एकाच व्यक्तीकडे द्यावे. दोघांकडे दिले की ते कोणीच करत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. हाच मजकूर क्लबच्या संकेतस्थळावर, तिकिटाच्या मागे आणि सामन्याच्या पुस्तिकेत शब्दशः तसाच असावा. तीन ठिकाणी तीन वेळा छापल्या गेल्या, तर ग्राहक त्यांतली स्वतःच्या सोयीची धरून बसतो, आणि त्यात त्याची चूक नसते.

प्रश्न: खेळ चालू असताना दुकान बंद का ठेवतात? तेव्हाच तर गर्दी नसते.

उत्तर: गर्दी नसते म्हणूनच. शिवाय दुकानात बसणारी माणसेही पाठीराखीच असतात. मैदानाशेजारी उभे राहून गोल न पाहता त्याचा केवळ आरडाओरडा ऐकण्यासाठी कोणी स्वयंसेवक होत नाही. या वेळेत सुटे पैसे मोजणे आणि रिकाम्या झालेल्या खुंट्यांवर जर्सी पुन्हा अडकवणे ही कामेही उरकतात.

प्रश्न: मध्यंतरात मी मुलीला स्कार्फ घेण्यासाठी रांगेत उभी राहिले आणि माझा क्रमांक येईपर्यंत दुसरा डाव सुरू होऊन आमच्या संघाचा गोलही झाला. मध्यंतरात दुकान जास्त वेळ उघडे ठेवता येणार नाही का?

उत्तर: गोल हुकल्याची भरपाई कोणत्याही सदरातून होण्यासारखी नाही, तरी आपल्या प्रश्नाचे उत्तर देतो. खेळाच्या नियमांनुसार मध्यंतर 15 मिनिटांपेक्षा जास्त असू शकत नाही. प्रेक्षक जागेवरून उठून दुकानापर्यंत येण्यात तीन मिनिटे आणि परतण्यात तीन मिनिटे गेली, म्हणजे हाती नऊ उरली. एका ग्राहकाला दीड मिनिट धरले, तर एका काउंटरवर जेमतेम सहा जणांचे काम होते. रांगेत विसावे असलेल्या माणसाने मग कितीही वेळ दुकान उघडे ठेवले तरी दुसऱ्या डावाचा काही भाग गमावायचाच असतो.

वेळ वाढवण्यापेक्षा त्या नऊ मिनिटांत काय विकायचे, हे ठरवलेले बरे. जर्सीच्या ग्राहकाला माप पाहायचे असते, अंगाला लावून बघायचे असते, मुलाला 'पुढच्या वर्षी होईल का' हेही विचारायचे असते. स्कार्फ, बिल्ला आणि टोपी यांना असे काही लागत नाही. तेव्हा मध्यंतरात दारातच एक टेबल आडवे लावून त्यावर केवळ या तीन वस्तू ठेवाव्यात, आणि जर्सी, मापांची अदलाबदल, परतफेड ही सर्व कामे सामन्याआधी किंवा सामन्यानंतर करावीत. टेबलावर दोन माणसे असली, तर रांग निम्म्याने कमी होते. आपणही पुढच्या वेळी सामन्याआधीच स्कार्फ घेऊन ठेवावा. तो गळ्यात असलेला बरा, विशेषतः गोल होतो तेव्हा.

प्रश्न: सामन्याच्या अर्धा तास आधी मी जर्सीवर नाव छापून मागितले. दुकान उघडे असूनही मला 'आता होणार नाही' असे सांगण्यात आले. हे योग्य आहे का?

उत्तर: नकार योग्य आहे, तो आधी पाटीवर लिहिलेला नसणे अयोग्य आहे. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये 1993-94 च्या हंगामात खेळाडूंच्या पाठीवर नावे आणि हंगामभरासाठी ठरलेले क्रमांक आले. त्याआधी मैदानात उतरणारे अकरा जण 1 ते 11 हे क्रमांक घालत. पाठीवरच्या नावाला असे महत्त्व आल्यापासून पाठीराख्यांनाही तशीच जर्सी हवीशी वाटू लागली, आणि लहान क्लबच्या दुकानात हीट प्रेसचे यंत्र आले.

हे यंत्र चालताना पाहिले, म्हणजे नकाराचे कारण कळते. त्याचा तवा तापायला वेळ लागतो. मग जर्सी त्यावर सुरकुती न पडता पसरायची, मधोमध घडी घालून पाठीचा मध्य शोधायचा, एकेक अक्षर पट्टी लावून सरळ मांडायचे, आणि त्यानंतर साधारण 150 अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला वरचा तवा 10 ते 15 सेकंद दाबून धरायचा. दाबण्याचे काम क्षणाचे आहे, मांडण्याचे नाही. एक अक्षर तिरके बसले, तर ती जर्सी विकता येत नाही, आणि दाराबाहेर रांग असताना हात नेमका त्याच वेळी थरथरतो. त्यामुळे छपाईची मागणी सामना सुरू होण्याच्या एक तास आधी बंद करणे रास्त आहे. उशिरा आलेल्यांची मागणी लिहून घ्यावी आणि जर्सी सामना संपल्यावर किंवा पुढच्या सामन्याला द्यावी. दुकानाची वेळ आणि छपाईची वेळ वेगवेगळी असते, एवढे एक वाक्य पाटीवर वाढवले असते, तर आपले पत्र मला आले नसते.

प्रश्न: मी निरनिराळ्या मैदानांना भेटी देऊन तेथले बिल्ले जमवतो. पाहुण्या प्रेक्षकांसाठी दुकानाची कोणती वेळ सोयीची असते?

उत्तर: आपल्यासारख्या छंदिष्टांना ग्राउंडहॉपर म्हणतात, आणि लहान क्लबांची दुकाने आपल्यावर मनापासून खूश असतात, कारण हरल्या-जिंकल्याचा आपल्या खरेदीवर परिणाम होत नाही. आपण दुकान उघडल्यानंतरचा पहिला अर्धा तास गाठावा. तेव्हा जुने बिल्ले आणि मागच्या सामन्यांच्या पुस्तिका दाखवायला दुकानदाराला सवड असते. सामना संपल्यावर परतीची गाडी पकडायची घाई आपल्याला असते आणि आवरून घरी जाण्याची त्याला.

प्रश्न: पावसामुळे सामना ऐन वेळी पुढे ढकलला गेला. लांबून आलेल्या आम्हाला निदान दुकान तरी उघडे मिळायला हवे होते.

उत्तर: सहमत आहे. मैदान खेळण्यायोग्य आहे की नाही, हे पंच ठरवतात, आणि खालच्या श्रेणींत पाण्याचा निचरा किंवा गवताखालची ऊब यांची मोठी व्यवस्था नसल्यामुळे हा निर्णय कधी कधी फाटके उघडल्यानंतरही होतो. सकाळीच निर्णय झाला असेल, तर दुकान बंद ठेवून तसे लगेच जाहीर करावे. दुकान उघडल्यानंतर निर्णय झाला, तर मात्र ते आणखी एक तास चालू ठेवावे. आधी मागवलेल्या वस्तू न्यायला आलेली माणसे त्यात असतात, आणि भिजलेल्या प्रेक्षकाला लोकरी टोपी विकण्यासाठी फार बोलावे लागत नाही. ढकललेल्या सामन्याची नवी तारीख कळताच काळी फळी पुन्हा लिहावी.

प्रश्न: हंगाम संपल्यावर दुकान पूर्ण बंद असते का?

उत्तर: बहुतेक ठिकाणी असते. मात्र नवी जर्सी बाहेर येते तो दिवस आणि हंगामाची तिकिटे न्यायला लोक येतात ते दिवस यांना अपवाद करावा. युरोपातील बहुसंख्य लीग ऑगस्टच्या सुमारास सुरू होऊन मेपर्यंत चालतात, तर नॉर्वे आणि स्वीडनमध्ये हंगाम वसंतापासून हेमंताच्या तोंडापर्यंत असतो. तेव्हा 'उन्हाळ्यात बंद' असे मोघम न लिहिता तारखा लिहाव्यात.

प्रश्न: आमचा संघ हरला की दुकान सामन्यानंतर दहाच मिनिटांत बंद होते. पाटीवर अर्धा तास लिहिला आहे.

उत्तर: हरलेल्या सामन्यानंतर दुकानात चिटपाखरूही येत नाही आणि आतल्या माणसांनाही लवकर घरी जावेसे वाटते, हे मी स्वतः भोगले आहे. तरीही पाटीवर अर्धा तास लिहिला असेल, तर तो अर्धाच तास असला पाहिजे. गर्दीतून वाट काढत लहान मुलाला घेऊन सावकाश येणारे आजोबा पंधराव्या मिनिटाला दारात पोहोचतात. उरलेल्या वीस मिनिटांत साठ्याची मोजदाद करावी, पण शटर वर ठेवून.