आम्ही दोघंही विज्ञानातले नाही, म्हणून मुलगी गणित-विज्ञान सोडेल का?

सोडेलच असं नाही. यजमान ट्रक चालवतात, तुम्ही हिशेब लिहिता, आणि मुलीला पुढच्या वर्षीचे विषय निवडायचेत, असं तुम्ही लिहिलंय. मी बरीच वर्षं गणित शिकवतेय, त्यावरून सांगते.

आईवडिलांच्या पेशाचा परिणाम होतो, हे खरंच. डॉक्टरांच्या घरी जेवताना दवाखान्याच्या गोष्टी निघतात, इंजिनिअरचं पोर बिघडलेला पंखा उघडताना शेजारी बसतं. ‘विज्ञान घे’ असं कुणी न सांगताही कुठल्या कामाला काय शिकावं लागतं, हे त्यांच्या कानावरून गेलेलं असतं.

पण हे बोलणं इतर घरांतही होऊ शकतं. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये संशोधकांनी काही पालकांना गणित-विज्ञान कुठे उपयोगी पडतं हे सांगणाऱ्या दोन पुस्तिका आणि एक वेबसाइट दिली. तो अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. त्या घरांतल्या मुलांनी शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत सरासरी जवळजवळ एक सत्र जास्त गणित-विज्ञान घेतलं. मला मात्र पुढचं विश्लेषण जास्त महत्त्वाचं वाटतं: अभ्यासात मागे असलेल्या मुलींना याचा फायदा झाला नाही. तुमची लेक गणितात अडखळत असेल तर नुसता उपयोग सांगून भागणार नाही, आधी कुणीतरी शेजारी बसून तिची अडचण सोडवायला हवी.

माझी एक विद्यार्थिनी म्हणायची, ‘आमच्या घरात गणित कुणालाच येत नाही.’ तिची आई शिवणकाम करायची. मी तिला विचारलं, अंब्रेला स्कर्टला आई कमरेचा गोल कसा कापते? दुसऱ्या दिवशी सांगत आली: मापाला सहाने भागते आणि थोडं कमी धरते. 28 इंच कमरेला साडेचार इंच त्रिज्या. वर्तुळाचा परीघ म्हणजे त्रिज्येच्या 2π पट (π साधारण 3.14), म्हणून आम्ही 28 ला 2π ने भागलं, 4.46 आलं. त्या पोरीचा चेहरा मी विसरले नाही. तिने पुढे गणित ठेवलं.

‘मलाही गणित कधी जमलं नाही’ हे वाक्य मात्र तुमच्या लेकीसमोर कृपा करून बोलू नका. मुली ते फार लवकर उचलतात.

आणि यजमानांना सांगा, वेग वाढला की ब्रेक किती आधी दाबावा लागतो, हे तिला समजावून द्या. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंतचं अंतर साधारण चौपट होतं. का, ते तिला पुस्तकात शोधू दे.