एक फुटाची टाकी, चार गोल्डफिश आणि घरावरचे संकट

आपण विचारले आहे की एक फुटाच्या टाकीत चार गोल्डफिश आहेत, दर रविवारी सगळे पाणी ओतून टाकी आणि खडे स्वच्छ धुता, तरीही अधूनमधून एखादा मासा मरतोच, तेव्हा कोणता फिल्टर घ्यावा. शेवटी आपण असेही लिहिले आहे की घरातील वडीलधाऱ्यांच्या मते मासा मरतो तेव्हा तो घरावरचे संकट स्वतःवर घेतो. फिल्टरबद्दल पुढे सांगतेच, परंतु मी लिहायला बसले ते या शेवटच्या वाक्यामुळे, कारण याच वाक्यावरून माझे आणि माझ्या मोठ्या दिरांचे कित्येक वर्षे वाजत आले आहे.

आमचे घर नागपूरचे. दिरांना कोणीतरी वास्तूचा सल्ला दिला की बैठकीच्या ईशान्य कोपऱ्यात टाकी ठेवावी आणि तिच्यात नऊ मासे असावेत, आठ सोनेरी आणि एक काळा. (हा हिशेब फेंगशुईतला आहे. ज्या चीनमध्ये गोल्डफिशची पैदास हजार वर्षांपूर्वी सुरू झाली, तिथे हे मासे तळ्यांत आणि मोठाल्या कुंडांत ठेवत, ही गोष्ट मात्र सल्ला देणाऱ्यांपर्यंत पोहोचलेली नसते.) दुकानदाराने नऊ माशांसाठी दिलेली टाकी बारा इंच लांब, नऊ इंच रुंद आणि नऊ इंच उंच होती. ती काठोकाठ भरली तर सोळा लिटर पाणी बसते. खडे, तोंड उघडमीट करणारा प्लॅस्टिकचा शिंपला आणि वर सोडलेली जागा वजा केली की बारा-तेरा लिटर उरते. म्हणजे एका माशाच्या वाट्याला दीड लिटरही नाही.

पहिला मासा मेला तेव्हा दिरांनी देवापुढे साखर ठेवली आणि "मोठं काहीतरी टळलं," असे म्हणून त्याच संध्याकाळी दुसरा मासा आणला. पुढे हा क्रमच पडला. कोणाचा ताप उतरला, कोणाचा अपघात थोडक्यात चुकला, की त्या आठवड्यात मेलेल्या माशाच्या नावावर ते जमा होई, आणि त्या टाकीत दर आठवड्याला कोणी ना कोणी मरत असल्यामुळे हिशेब नेहमी जुळत असे. एका माशाच्या परांच्या कडा आणि पोटाखालचा भाग काळवंडू लागला, तर सासूबाईंनी त्याला नजर लागल्याचे सांगितले. प्रत्यक्षात अमोनियाने पोळलेली गोल्डफिशची कातडी भरून येताना पुष्कळदा अशीच काळी पडते. उरलेले मासे प्राणवायूसाठी पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड लावून उघडमीट करीत राहत आणि पाहुणे म्हणत, किती माणसाळले आहेत, खायला मागतात.

मी तेव्हा कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत होते. औषधाच्या दोन बाटल्या धुऊन एकीत टाकीतले आणि दुसरीत नळाचे पाणी भरून मी प्रयोगशाळेत नेले आणि दोन्हींत नेसलर अभिकर्मकाचे (अमोनिया असल्यास रंग बदलणाऱ्या रसायनाचे) थेंब टाकले. नळाचे पाणी जसेच्या तसे राहिले. टाकीच्या पाण्याला आधी पिवळा आणि पाहता पाहता विटकरी रंग चढला, खाली गाळही बसू लागला. अमोनिया आहे, आणि भरपूर आहे, याचा यापेक्षा उघड पुरावा शोधायला नको. घरी येऊन हे सांगितल्यावर दीर म्हणाले, "प्रयोगशाळेत कशालाही रंग येतो."

तर कारण असे आहे. मासा अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे पाण्यात सोडतो, आणि उरलेले खाद्य व विष्ठा कुजून त्यात भर पडते. गोल्डफिशला जठरच नसते, तो मिळेल तेव्हा खातो आणि त्या मानाने घाणही फार करतो. नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात आणि नायट्रोस्पायरासारखे जिवाणू त्या नायट्राइटचे बऱ्याच कमी विषारी नायट्रेट करतात. हे जिवाणू मुख्यतः फिल्टरच्या स्पंजावर, खड्यांवर आणि काचेवर वस्ती करतात, आणि ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आपण दर रविवारी खडे नळाखाली धुता तेव्हा क्लोरीनने हीच वस्ती मारता आणि सोमवारपासून टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. पाणी दिसायला नितळ असते, पण अमोनियाला रंग नसतो. त्यात उन्हाळा आला की दुहेरी मार बसतो: पाणी जितके गरम आणि अल्कलीधर्मी, तितका अमोनियाचा विषारी अंश वाढतो, आणि त्याच वेळी पाण्यातला प्राणवायू घटतो, 20 अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम मावणारा प्राणवायू 30 अंशांना साडेसातवर येतो.

शेवटी दीर चारधामला गेले असताना मी उरलेले तीन मासे परसातल्या सिमेंटच्या हौदात हलवले. हौद सुमारे तीनशे लिटरचा, जांभळाच्या सावलीत, कित्येक वर्षांचे शेवाळ धरलेला. त्यातला एकही मासा पुढची काही वर्षे मेला नाही आणि तिन्ही वीतभर झाले. दुकानदाराने दिरांना सांगितले होते की मासा टाकीएवढाच वाढतो, आणि हे वाक्य मला संकटाच्या वाक्याइतकेच खटकते. लहान टाकीत वाढ खुंटते हे खरे, पण ती पाणी वाईट असल्यामुळे खुंटते, आणि खुंटलेला मासा बहुधा लवकर मरतो. चांगल्या पाण्यात गोल्डफिश दहा-पंधरा वर्षे सहज जगतो. इंग्लंडमधला टिश नावाचा गोल्डफिश 1999 मध्ये मेला तेव्हा 43 वर्षांचा होता. इटलीतील मोंझा शहराने 2004 मध्ये आणि रोमने 2005 मध्ये गोल काचेच्या भांड्यात मासे ठेवण्यावरच बंदी घातली. माझ्या हौदाबद्दल दिरांचे मत असे पडले की चारधाम केल्यामुळे घरावर संकटच उरले नाही, म्हणून मासे जगले.

आता फिल्टर. बारा लिटरात चार गोल्डफिश असतील तर बाजारातला कोणताही फिल्टर त्यांना वाचवणार नाही, हे आधी मान्य करा. नुसता बुडबुड्यांचा पंप प्राणवायू वाढवतो, अमोनिया काढत नाही. आखूड शरीराच्या, दुहेरी शेपटीच्या चार माशांना (ओरांडा, र्‍यूकिन वगैरे) दोनशे लिटरच्या आसपास पाणी हवे, म्हणजे तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी. लांब अंगाचे साधे किंवा कॉमेट जातीचे मासे फूटभर होऊ शकतात, त्यांना हौदच बरा. तीन फुटी टाकीला ताशी हजार लिटर किंवा त्याहून अधिक पाणी फिरवणारा, भरपूर स्पंज मावणारा फिल्टर घ्या. हा आकडा खोक्यावर छापलेला असतो. कंपनी कोणती, याला फारसे महत्त्व नाही. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा, नळाखाली कधीच नाही. मासा मेला की दुकानदार निळे औषध देतो, ते मिथिलीन ब्ल्यू असते आणि ते याच जिवाणूंना मारते, म्हणून ते टाकीत ओतू नका.

हे सगळे मी माझ्या अनुभवावरून आणि रसायनशास्त्राच्या आधारे सांगते आहे, मी माशांची डॉक्टर नाही. अंगावर पांढरे ठिपके किंवा जखमा असतील तर प्रकरण वेगळे. आणि उघडा हौद सर्वांना जमेलच असे नाही, त्यात मासे डासांच्या अळ्या खातात, तसे मांजर माशांनाही खाते.

मोठी टाकी येईपर्यंत खाद्य निम्म्यावर आणा आणि रोज पाव हिस्सा पाणी बदला, क्लोरीन काढणारे औषध घालून आणि जुन्या पाण्याइतक्याच तापमानाचे. मासे नकोसे झाले तरी तलावात सोडू नका, ते तिथल्या देशी माशांच्या मुळावर येतात. मोठी टाकी असणाऱ्या कोणाला तरी द्या. मत्स्यालयाच्या दुकानात अमोनिया तपासण्याचा संच मिळतो, तो आणून वडीलधाऱ्यांच्या हातानेच थेंब टाकायला लावा, म्हणजे रंग प्रयोगशाळेत आला असे त्यांना म्हणता येणार नाही. तरीही ते मेलेल्या माशाच्या जागी नवा आणायला निघाले, तर त्यांच्याबरोबर जा आणि माशाऐवजी तीन फुटी टाकीची किंमत विचारून या.