व्हीएमआरओ नावाचे दोन पक्ष कसे, आणि धाकट्याला जागा का मिळत नाहीत

प्रश्न असा आलाय की मॅसेडोनियात (आजचं अधिकृत नाव उत्तर मॅसेडोनिया) व्हीएमआरओ नावाचे दोन पक्ष दिसतात, एक मोठा डीपीएमएनई आणि दुसरा बारकासा पीपल्स पार्टी, तर हा दुसरा आला कुठून आणि त्याला एकही जागा कशी मिळाली नाही. मिळाल्यात हो, २००६ ला १२० पैकी ६.

आधी नावाचं सांगतो. व्हीएमआरओ म्हणजे १८९३ साली सलोनिकात (आजच्या ग्रीसमधलं थेसालोनिकी) ऑटोमन सत्तेविरुद्ध निघालेली क्रांतिकारी संघटना, १९०३ चा इलिंदेन उठाव तिचाच, त्यामुळे पक्ष फुटला तरी हे नाव कोणी सोडत नाही. १९९० मध्ये ल्यूबचो गेओर्गिएव्स्कीने हेच नाव लावून डीपीएमएनई काढला तेव्हा तो जेमतेम २४ वर्षांचा होता. १९९८ ला पंतप्रधान झाला, २००१ मध्ये देशातल्याच अल्बेनियन बंडखोरांशी लढाई आणि त्यानंतरचा, अल्बेनियनांना जास्त हक्क देणारा ओह्रिद करार हे सगळं त्याच्याच काळात झालं आणि २००२ ला हरला. २००३ ला पक्ष त्याच्याच सरकारात अर्थमंत्री असलेल्या निकोला ग्रुएव्स्कीकडे गेला, आणि २००४ मध्ये गेओर्गिएव्स्कीचे लोक बाहेर पडले, त्यांचाच हा दुसरा पक्ष, व्हीएमआरओ पीपल्स पार्टी. मला तरी हे भांडण विचारांचं कधीच वाटलं नाही, दोघंही उजवे, मतदारही तेच, प्रश्न एवढाच होता की घर कोणाचं.

त्यात गेओर्गिएव्स्कीने बल्गेरियाचं नागरिकत्व घेतलं. 'आम्ही बल्गेरियन नाही, मॅसेडोनियन आहोत' हे ज्या मतदाराच्या जिवाभावाचं, त्याच्याकडेच मतं मागायची आणि वर हे करायचं, ते त्याला लागणारच.

आणि खरी मेख निवडणूक पद्धतीत आहे, ती बरेच जण बघतच नाहीत. कायद्याने किमान मतांची अट नाही, म्हणून वाटतं छोट्यांना सोपं जाईल, पण देशाचे ६ मतदारसंघ आणि प्रत्येकात २० जागा, त्या तिथल्या मतांच्या प्रमाणात वाटल्या जातात, म्हणजे एका मतदारसंघात साधारण ४-५ टक्के तरी पाहिजेत. २००६ ला पीपल्स पार्टीला ६ टक्के होते, निभावलं. २०११ ला अडीच टक्क्यांच्या आसपास, तेही देशभर पसरलेले, हातात शून्य. त्याच वर्षी रुफी ओस्मानीच्या अल्बेनियन पक्षाला जवळपास तेवढीच मतं पडली, पण ती पश्चिमेकडच्या गोस्तिवार शहराच्या बाजूला एकवटलेली होती, त्याचे २ निवडून आले.