अंग आमचं आलं, मग जिद्द कुठे गेली?

प्रश्न : नमस्कार ताई. मी शाळा-कॉलेजात दोरीचा मल्लखांब केला, राज्य स्पर्धेपर्यंत गेले. माझे मिस्टर जिम्नॅस्टिक्सच्या राष्ट्रीय स्पर्धा खेळलेत. आमची मुलगी आठ वर्षांची आहे. अंग इतकं लवचीक की टीव्ही बघता बघता सहज स्प्लिटमध्ये बसते. पण सरावाच्या वर्गाला निघायची वेळ झाली की तिच्या पोटात दुखतं. सकाळी गच्चीवर हे स्वतः तिचा सराव घेतात, तिथेही रडारड होते. आम्ही दोघं तिच्या वयात घरचा विरोध पत्करून मैदानावर जायचो. माझी दोरी अजून माळ्यावर जपून ठेवली आहे, तिच्यासाठीच. अंग आमचं आलं, मग जिद्द का आली नाही? एका ओळखीच्यांनी जनुकांची चाचणी करून घ्या, असं सुचवलंय. करावी का?
– एक आई, कऱ्हाड

उत्तर : चाचणी करू नका. आधी ते सांगून टाकते, म्हणजे पैसे वाचतील.

अशा चाचण्यांत बहुतेक वेळा एसीटीएन-३ नावाच्या जनुकाचा उल्लेख असतो. झटक्याने ताकद लावणाऱ्या स्नायूंच्या तंतूंमध्ये एक प्रथिन असतं, ते या जनुकावरून तयार होतं. आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा त्याच्या दोन प्रती येतात. दोन्ही निकामी असल्या तर ते प्रथिन बनतच नाही. जगातल्या साधारण पाचातल्या एका माणसाचं असं असतं आणि त्याचं काही अडत नाही. कमी अंतराच्या शर्यतींतल्या पहिल्या फळीच्या धावपटूंमध्ये अशी माणसं कमी आढळतात, एवढं खरं. पण एका जनुकावरून आठ वर्षांच्या मुलीचं भविष्य सांगणं म्हणजे एका पकडीवरून अख्खा संच, म्हणजे सलग कसरतींची मालिका, कसा होईल ते सांगणं. तुम्ही दोरीवर चढलेल्या आहात, मी काय म्हणते ते तुम्हाला कळेल.

शरीर मात्र आईबापांकडून येतं, यात शंका नाही. उंची, हातापायांची लांबी, खांद्यांची रुंदी, सांधे किती सैल हे सगळं येतं. ब्रिटनमधल्या जुळ्या बहिणींवरचा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. खेळात वरच्या पातळीवर कोण पोचतं आणि कोण नाही, या फरकातला सुमारे ६६ टक्के वाटा आनुवंशिक आहे, असं त्यात निघालं. हा आकडा ऐकला की पालकांना वाटतं, चला, दोन तृतीयांश काम झालं! तसं नाही हो. तो आकडा हजारो माणसांमधल्या फरकाचा आहे, तुमच्या एका लेकीचा नाही. सख्ख्या भावंडांतसुद्धा आईबापांचा वारसा वेगवेगळा वाटला जातो.

माझ्याकडे मल्लखांब शिकायला दोन बहिणी यायच्या. थोरली तुमच्या लेकीसारखी, नुसती वेलीसारखी वळायची. धाकटीचं अंग ताठ, पुढे वाकली तर बोटं जेमतेम घोट्यापर्यंत. पण ती वर्गाच्या अर्धा तास आधी येऊन दोरीखाली बसायची आणि पायाचा अंगठा नि शेजारचं बोट यांत दोरी धरून ठेवायची. कुणी सांगितलं नव्हतं. एके दिवशी तिची आई घाबरून मला सांगायला आली, की घरात पाळण्याच्या कडीला साडी बांधून ही लोंबकळत होती. मांड्यांना वळ उठलेले. आईबाप तेच, घर तेच. थोरलीने दीड वर्षात सोडलं, धाकटी कॉलेज संपेपर्यंत दोरीवर होती.

मग ही ओढ कुठून येते? अमेरिकन जिम्नॅस्ट नास्तिया ल्यूकिनचं उदाहरण सगळे देतात. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकची सर्वांगीण विजेती. वडील वालेरी यांना १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णं, आई आन्ना १९८७ ची ऱ्हिदमिक जिम्नॅस्टिक्समधली विश्वविजेती. रक्तातच होतं, असं म्हणून आपण मोकळे होतो. पण मुलीला सांभाळायला कुणी नव्हतं म्हणून आईबाप तिला हॉलमध्ये नेत आणि ती तिथे बघून बघून शिकली, हे कुणी सांगत नाही. तिला गुणसूत्रं मिळाली तसा हॉलही मिळाला. दोन्ही एकाच दारातून आलं, तर वेगळं कसं करणार? उलट अमेरिकेचीच जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स बघा. लहानपणी काही काळ पालनगृहात काढला, पुढे आजोबा-आजींनी दत्तक घेतलं. सहाव्या वर्षी पाळणाघराच्या सहलीत ती पहिल्यांदा जिममध्ये गेली, आणि मोठ्या मुली करत होत्या ते करून बघू लागली. आज तिच्याकडे ऑलिंपिकची सात सुवर्णपदकं आहेत.

आपली दीपा कर्माकर आगरतळ्याची. वडील खेळातलेच, पण वेटलिफ्टिंगचे प्रशिक्षक. तिचे तळपाय सपाट होते. जिम्नॅस्टिक्समध्ये ही मोठी अडचण, कारण उडीचा जोर आणि उतरतानाचा धक्का दोन्ही पावलांवर येतात. त्याच पावलांनी ती २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये प्रोदुनोव्हा व्हॉल्ट, म्हणजे हवेत दोन कोलांट्या घेण्याची अवघड उडी, मारून उतरली आणि १५.०६६ गुणांवर चौथी आली. कांस्यपदक ०.१५ ने हुकलं. आनुवंशिकतेचा हिशेब मांडणाऱ्याने ती पावलं बघून तिला पहिल्याच दिवशी घरी पाठवलं असतं.

आता पोटदुखीबद्दल. तुमच्या पत्रातलं हे वाक्य मी तीनदा वाचलं.

माझा मुलगा नऊ वर्षांचा असताना त्याच्याही पोटात दुखायचं. मी त्याला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोट तपासलं आणि विचारलं, ‘कोणत्या वारी दुखतं?’ मी घरी येऊन आठवत बसले. मंगळवार आणि शुक्रवार. त्या दोन दिवशी मी सगळ्या मुलांसमोर संच करून घ्यायचे आणि चुका सांगायचे. इतरांची चूक मी एकदा सांगायचे, त्याची तीनदा, कारण तो माझा होता, त्याला यायलाच हवं होतं. घरी जेवताना पुन्हा तेच. त्या पोराला आई भेटतच नव्हती, प्रशिक्षकच भेटत होती. मी त्याला दुसऱ्या सरांच्या गटात दिलं आणि घरात मल्लखांबाचा विषय बंद केला. पोटदुखी महिन्याभरात थांबली. पुढे चार वर्षं तो आनंदाने आला आणि चौदाव्या वर्षी, ‘आता बास’ म्हणून थांबला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण त्याला हाक मारली की तो आजही माझ्याजवळ येऊन बसतो.

म्हणून एकदा डॉक्टरांना दाखवा आणि गच्चीवरचा सराव आजपासून थांबवा. तुमच्या मिस्टरांचा हेतू चांगला आहे, ते मला दिसतं. पण आठ वर्षांच्या मुलीला दिवसातून दोनदा परीक्षा नको, आणि त्यातली एक बाबांची तर मुळीच नको. दुसरं, तिच्या सैल सांध्यांवर खूश होऊन अंग आणखी ताणून घेऊ नका. लवचीकतेला ताकदीची साथ नसली की मनगटं आणि कंबर दुखावतात. वर्गातल्या सरांना सांगा, आधी हात, पोट, पाठ भक्कम करा.

आणि जिद्द नाही, हे इतक्यात ठरवू नका. नेदरलँड्समधल्या जुळ्यांच्या अभ्यासात असं दिसलं, की तेरा-चौदाव्या वर्षापर्यंत मुलं खेळतात की नाही हे मुख्यतः घरावर अवलंबून असतं, आणि स्वतःचा जन्मजात कल अठरा-विशीकडे वर येतो. तिचा कल तुम्हाला अजून दिसलेलाच नाही. वर्ग नसताना ती आपणहून काय करते ते बघत राहा, फक्त वहीत लिहून ठेवू नका.

तुम्ही स्वतः पुन्हा दोरी सुरू कराल का? तिच्यासाठी नको, तुमच्यासाठी. तिला बोलावू नका. आली तर बसू द्या. मात्र माळ्यावरची दोरी वापरू नका. सुती दोरी इतकी वर्षं गुंडाळून पडली की वरून धड दिसते आणि आतून पीळ कुजलेला असतो. नवी आणा, आणि चढण्याआधी कडीला दोन मोठ्या माणसांचा भार देऊन बघा.