ईजीएफ देऊनही फॉस्फो-ईआरके वाढत नाही, तेव्हा

हेला पेशींना (प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशी) ईजीएफ हे वाढीचा संदेश देणारं प्रथिन दिलं, सँडविच एलायझा किटने (दोन अँटिबॉडींमध्ये प्रथिन पकडून मोजणारी चाचणी) फॉस्फो-ईआरके, म्हणजे फॉस्फेट लागून सक्रिय झालेलं ईआरके प्रथिन, मोजलं, तर ईजीएफ दिलेल्या आणि न दिलेल्या दोन्ही वेलचं (प्लेटमधल्या खळग्यांचं) रीडिंग सारखंच आणि चढं. हा तुमचा प्रश्न. स्टँडर्ड कर्व्ह नीट आला आहे, म्हणजे किटला दोष देण्याआधी डिशकडे बघा.

पहिला संशय सीरमचा. १०% सीरममध्ये वाढलेल्या पेशींत ईआरके आधीच सक्रिय असतं, मग ईजीएफने आणखी काय वाढणार? आदल्या संध्याकाळी सीरम काढा, साधारण १६ तास उपाशी ठेवा. सकाळी मीडियम मात्र बदलू नका. नुसत्या त्या हलवाहलवीनेही ईआरके उसळू शकतं. ईजीएफचं दहापट तीव्र द्रावण करून नऊ भाग मीडियममध्ये एक भाग अलगद सोडा, शेवटचं प्रमाण १०० नॅनोग्रॅम प्रति मिलि. कंट्रोल वेलमध्ये तेवढंच साधं मीडियम. ५ ते १० मिनिटांत थांबवा.

थांबवायचं म्हणजे प्लेट थेट बर्फावर, मीडियम ओढून घ्या, थंडगार पीबीएसने (क्षारांचं धुण्याचं द्रावण) एकदा धुवा आणि लगेच लायसिस बफर, म्हणजे पेशी फोडणारं द्रावण. ट्रिप्सिन लावून पेशी सोडवत बसलात तर तेवढ्या वेळात फॉस्फेटेज (फॉस्फेट काढून टाकणारी एन्झाइम्स) आपलं काम उरकतात. ईआरकेवर थ्रिओनिन २०२ आणि टायरोसिन २०४ अशा फॉस्फेट बसण्याच्या दोन जागा, म्हणून फॉस्फेटेज रोखणारे इनहिबिटरही दोन्ही तऱ्हेचे हवेत: १ मिलिमोलर ऑर्थोव्हॅनाडेट टायरोसिनसाठी, सोडियम फ्लोराइड आणि बीटा-ग्लिसरोफॉस्फेट सेरीन-थ्रिओनिनसाठी. ऑर्थोव्हॅनाडेट पीएच १० ला आणून रंग जाईपर्यंत उकळलेलं असावं. पिवळं राहिलं तर ते काम करत नाही. बफरमध्ये डीटीटी किंवा ईडीटीए असेल तर तेही त्याला निकामी करतात. (किटचा बफर वापरत असाल तर त्यात इनहिबिटर आधीच आहेत का, हे माहितीपत्रकात पाहा. बरेचदा ते आपणच घालायचे असतात.) वेस्टर्न ब्लॉटसाठी एसडीएस या डिटर्जंटमध्ये उकळलेला लायसेट (फोडलेल्या पेशींचं द्रावण) इथे वापरू नका, अँटिबॉडीची पकडच सुटते.

दुसरा संशय, आणि दोन्ही रीडिंग चढी आहेत हे बघता हाच जास्त खरा वाटतो: सिग्नल संपृक्त झाला आहे, म्हणजे मोजण्याची कमाल मर्यादा गाठली आहे. ३ च्या वरच्या ओडीवर (रंगाच्या गडदपणाचं रीडिंग) विसंबू नये. तिथे दुप्पट आणि चौपट सारखेच दिसतात. बीसीए चाचणीने एकूण प्रथिन मोजा, सगळे नमुने समान करा आणि एकाच लायसेटचे १:२, १:४, १:८, १:१६ असे डायल्यूशन लावा. दर पायरीला सिग्नल निम्मा होऊ लागला की तिथेच मोजायचं.

पुढच्या खेपेला एका वेलमध्ये ईजीएफच्या अर्धा तास आधी यू०१२६ (ईआरके सक्रिय होणं रोखणारं रसायन), १० मायक्रोमोलर घाला. तरीही सिग्नल पडला नाही तर तुम्ही बॅकग्राउंड मोजताय. त्याच लायसेटमधून एकूण ईआरकेही मोजा. फॉस्फो भागिले एकूण हे गुणोत्तर कंट्रोलच्या किती पट एवढंच सांगतं. किती टक्के रेणू फॉस्फोरिलेट झाले, हे त्यातून काढू नका, कारण दोन्ही आकडे वेगवेगळ्या अँटिबॉडींचे असतात.

आधीचे लायसेट उणे ८० ला शिल्लक असतील तर नव्या पेशी लावण्याआधी त्यांचंच डायल्यूशन करून बघा. एका प्लेटचं काम आहे.