आबांनी पाच दिवस काही खाल्लं नाही

"बापले उपाशी मारी राह्यनूत का आम्ही?" धाकट्या मुलाचा हा पहिलाच प्रश्न. अमळनेर तालुक्यातलं शेतकरी घर (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). आबांना जठराचा कॅन्सर, यकृतात पसरलेला. पाच दिवसांपासून दोन-तीन चमचे पाणी, बस. सून वरणात भाकर चुरून भरवायची. आबा तोंड फिरवायचे, ठसका लागायचा. भेटायला येणारा जो तो ओट्यावरूनच विचारणार, 'जेवले का?' सुरतचा थोरला फोनवर एकच धरून बसलेला: सलाईन लावा.

लावली होती. दोन दिवसांत ५०० मिलीच्या चार बाटल्या. तिसऱ्या दिवशी पावलं सुजली, छातीत घरघर वाढली. अशा आजारात रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन घटतं, मग पाणी नसांत टिकत नाही. अंगात, फुफ्फुसांत झिरपतं. लघवी कमी झालेली, त्यामुळे बाहेरही पडत नाही. आणि ज्या 'ताकदी'साठी हा आटापिटा, ती किती? ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या एका बाटलीत २५ ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे पाच-सहा चमचे.

अखेरच्या दिवसांत शरीरच अन्न नको म्हणतं. पण सगळं त्यावर ढकलून चालत नाही. तोंडातली बुरशी, तुंबलेला कोठा, मळमळ यांनीही खाणं सुटतं, आणि त्यांवर औषध आहे. आबांच्या जिभेवर पांढरा थर होताच. डॉक्टरांनी त्यावर औषध दिलं.

त्रास होतो तो सुकलेल्या तोंडाचा. तो घालवणं घरच्यांच्या हातात असतं. पेलाभर उकळून गार केलेल्या पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा, पाव चमचा मीठ. जुन्या धोतराचा धुतलेला मऊ तुकडा बोटाला गुंडाळायचा, भिजवून घट्ट पिळायचा. गाल, हिरड्या, जीभ हलक्या हाताने पुसायची. ओठांना व्हॅसलीन. दर दोन तासांनी. तोंडाने श्वास चालू असेल तर तासाला. जागे असतील आणि मागतील तरच पाणी: पाठीशी दोन उशा, हनुवटी जरा खाली, एक चमचा, गळ्याची घाटी हललेली दिसली की मगच दुसरा. गुंगीत असतील तर चमचा नाहीच. गंगाजलसुद्धा चमच्याने ओतायचं नाही, तुळशीच्या पानाने ओठांवर दोन थेंब पुरतात. घरघर वाढली तर कुशीवर वळवून डोकं थोडं उंच करायचं.

खाणं थांबलं म्हणून वेदनांवरचं मॉर्फिनही थांबवलं जातं, ही नेहमीची चूक. गोळी गिळवत नसेल तर दुसऱ्या वाटेने कसं द्यायचं, ते डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यावं.

थोरला रात्रीच्या गाडीने आला. येताच म्हणाला, "बाटली कुठे?" सुनेने त्याच्या हातात ओला तुकडा दिला. पहिल्या खेपेला त्याने तो नीट पिळलाच नाही, पाणी उशीवर ओघळलं. दुसऱ्या खेपेला आबांनी ओठ चाटले.