श्वान प्रशिक्षक व्हायचं तर कुत्र्याला धाक दाखवावाच लागतो का?

तुम्ही सांगलीत एका ट्रेनरकडे शिकताय, ते चोक चेनला (ओढली की गळ्याभोवती आवळणाऱ्या साखळीला) झटके देतात, ‘मालक कोण ते कुत्र्याला कळलंच पाहिजे’ म्हणतात आणि तुम्हाला ते पटत नाही, असं लिहिलंय. न पटणंच बरोबर आहे. मी मिरजेत हेच काम करते.

हे ‘मालक कोण’ प्रकरण १९४७ पासूनचं. प्राणिवर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी कोंडून ठेवलेल्या लांडग्यांचा अभ्यास केला. बंदिस्त जागेत लांडगे जागेवरून, मानावरून भांडत होते. कुत्रं लांडग्याच्या वंशातलं, म्हणून तेच कुत्र्यालाही लावलं गेलं. पुढे लांडग्यांचे अमेरिकी अभ्यासक डेव्हिड मेक यांनी रानातले लांडगे पाहिले, तर कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पोरं! ‘अल्फा’, म्हणजे कळपाचा दादा, हा शब्द ज्यांच्या पुस्तकामुळे पसरला, त्याच मेक यांनी १९९९ मध्ये तो चुकीचा असल्याचं लिहिलं. आपल्याकडच्या पुष्कळ ट्रेनरना ही बातमी अजून मिळायची आहे.

झटक्याने कुत्रं गप्प होतं, हे खरं. पण दुखण्याचा संबंध ते समोर दिसेल त्याच्याशी जोडतं, मग ते शेजारचं लहान मूल का असेना. गुरगुरलं म्हणून मारलं, तर गुरगुरणं थांबतं आणि पुढच्या वेळी थेट चावा बसतो. माझ्याकडे अशीच कुत्री जास्त येतात.

जतकडचं एखादं कारवान, म्हणजे सडपातळ शिकारी कुत्रं, शिकवून बघा. ससा दिसला की ते पळणार, कितीही ओरडा. डोकं निमुळतं, साधा पट्टा सटकतो, म्हणून लोक तो आवळतात. त्यापेक्षा रुंद पट्टा किंवा हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) घ्या, लांब दोरी लावा आणि हाक मारल्यावर वळलं की त्याच क्षणी उकडलेल्या चिकनचा तुकडा द्या. आधी घरात, मग अंगणात, रान सगळ्यात शेवटी.

ट्रेनर व्हायला आपल्याकडे परवाना लागत नाही, कुणीही बोर्ड लावतो. म्हणून फी भरण्याआधी विचारा: कुत्रं चुकलं तर तुम्ही नेमकं काय करता? उत्तर गुळमुळीत आलं तर उठा. प्राणिवर्तनावर काम करणाऱ्या अमेरिकी पशुवैद्यांच्या संघटनेने २०२१ मध्ये सर्वच कुत्र्यांसाठी बक्षिसाची पद्धत सुचवली आहे, चावऱ्यांसकट.

शिकाल तेव्हा आज्ञांच्या आधी अंगबोली, म्हणजे कुत्रं अस्वस्थ असल्याच्या खुणा शिका: ओठ चाटणं, विनाकारण जांभई, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं. शांत कुत्रं अचानक चावायला लागलं तर आधी पशुवैद्याकडे पाठवा, कान किंवा सांधा दुखत असेल. आणि अर्धं काम माणसांचंच असतं. जेवताना ताटाखालून भाकरी सरकवणाऱ्या आजींना समजावणं कारवानपेक्षा अवघड जातं.